नव्व्याण्णव टक्क्यांच्या गावात

मे महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. आधी हापूसच्या पेटीचा भाव, मग दहावीचा निकाल. 'कोकण पुन्हा अव्वल!' रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, एवढ्या दोनच जिल्ह्यांचं आमचं मंडळ. पण २०२४ साली निकाल ९९.०१ टक्के, तेव्हा राज्याचा ९५.८१. २०२५ ला राज्य ९४.१० वर घसरलं तरी आम्ही ९८.८२ वर. लंडनच्या पश्चिमेला एका गावात, मे महिन्यातही स्वेटर घालून बसलेला मी लगेच अंगठा वर करतो. आपली माणसं कशात तरी पहिली येतात, बरं वाटतंच.

२०२५ च्या त्या मेसेजनंतर तासाभरात दादाचा फोन आला. दादा वेंगुर्ले तालुक्यात, आमच्या जुन्या घरात राहतो. त्याचा मुलगा तेव्हा नववीतून दहावीत जायचा होता.

"शाळेत बोलावल्यानी," दादा म्हणाला. "सतरा नंबर भरूक सांगतत."

सतरा नंबर म्हणजे खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा फॉर्म. ज्यांची शाळा मधेच सुटली, त्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून केलेली चांगली सोय. पण गेटवर 'शंभर टक्के निकाल' असा बॅनर लावायचा असला की कच्च्या पोराला याच दाराने हळूच बाहेर काढता येतं. मुख्याध्यापक काही दुष्ट नव्हेत. दादाला चहा पाजून, समजुतीच्या सुरात बोलले. त्यांनाही वरून निकाल विचारणारं कोणी आहेच. जिथे तीस टक्के नापास होतात तिथे नापास पोराला निदान सोबत असते. आमच्याकडे शंभरातला तो एक सगळ्या वाडीला नावानिशी माहीत असतो.

पुतण्याचं वाचन अडतंय हे दुसरीतच दिसत होतं. 'घर' चं 'धर', 'भात' चा 'मात'. पहिल्या वेलांटीपाशी तर तो हमखास थांबायचा. अक्षराच्या आधी काढायची आणि अक्षराच्या नंतर म्हणायची, असं का, हे त्याने एकदा मलाच विचारलं होतं. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. त्यात घरात 'माका-तुका' आणि वहीत 'मला-तुला', त्यामुळे चूक पोराची की मालवणीची, याचा गुरुजींनाही पत्ता लागेना. पाचवीत वहिनीने चष्मा करून आणला. आठवीत मुंबईला नेलं, दोन महिन्यांत चार खेपा झाल्या, तेव्हा कागद मिळाला: अध्ययन अक्षमता.

मराठी वाचनाची तपासणी करायला साधनच नाही, असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी प्राथमिकच्या मुलांसाठी तयार केलेली आहे, हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीतही. कायदाही आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आले आणि त्यांत अध्ययन अक्षमता आली. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण ते सगळं मिळवायला कागद शाळेत दाखवावा लागतो, आणि तो कागद दादाच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत होता.

"दाखवलो तर गावभर होतला," वहिनी म्हणाली. "उद्या चेडवाच्या लग्नात आडवो येतलो."

पुतण्याची बहीण तेव्हा सातवीत होती.

या घरात मी बोलायला गेलो की ऐकायला मिळतं, "तुमच्याकडे काय, सगळं सरकार बघतं." माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बोलायला उशिरा लागला, शिकायलाही त्याला वेळ लागतो, आणि गोंगाटात तो कान झाकून बसतो. हो, सरकार बघतं. इंग्लंडात २०१४ च्या कायद्याने अशा मुलाचा एक आराखडा करतात, त्यात शिक्षण, आरोग्य, देखभाल सगळं आलं, आणि गरज असेल तर तो पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतो. वीस आठवड्यांत हातात पडला पाहिजे असा नियम आहे. २०२३ मध्ये साधारण निम्मेच आराखडे त्या मुदतीत झाले. आमचा अर्ज पहिल्यांदा नाकारला गेला. ट्रिब्युनलपर्यंत जाणाऱ्या पालकांच्या बाजूने बहुतेक वेळा निकाल लागतो, हे मला एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून आम्ही भांडलो. त्याच शाळेतला दुसरा एक बाप, रात्रपाळीला टॅक्सी चालवणारा, नकाराचं पत्र घडी करून घरी गेला तो गेलाच. सरकार बघतं, पण इंग्रजीत चांगलं भांडणाऱ्याकडे आधी बघतं.

आणि अपंग मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म. चाळीसेक पानं. तो भरताना अनुभवी पालक एकच सल्ला देतात: वाईटातला वाईट दिवस लिहा. चांगलं लिहिलंत तर काही मिळणार नाही. बायको आणि मी तीन रात्री स्वयंपाकघरात बसून लिहीत होतो. बटणं कोण लावतं, रात्री किती वेळा उठतो, रस्त्यावर कुठे बसकण मारतो. मुलगा शेजारच्या खोलीत लेगो जोडत होता आणि इकडे आम्ही त्याची बदनामी करत होतो. वहिनी कागद लपवते म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो, ते त्या तीन रात्रींनंतर जरा निवळलं. ती उणं झाकते, आम्ही चार पैशांच्या मदतीसाठी पोराचं बरं ते झाकलं.

मग आराखड्याची वार्षिक बैठक. त्यात पुढच्या वर्षाची उद्दिष्टं ठरतात. माझ्या मुलाचं उद्दिष्ट होतं: तीन स्टॉप पलीकडे बसमधून एकट्याने उतरणे. मी कागद दोनदा वाचला. आमच्या घरात स्कॉलरशिप, इंजिनीअरिंग, परदेश असल्या पायऱ्या मोजायची पद्धत. वर्षभर घालवून बसमधून उतरायचं? मी तिथे काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत धुमसत होतो.

त्यांनी ते कसं शिकवलं ते मात्र पाहण्यासारखं होतं. आधी मदतनीस बाई त्याच्या शेजारी बसायच्या. मग मागच्या सीटवर. मग त्या वरच्या मजल्यावर आणि तो खाली. मग त्या नुसत्या स्टॉपवर उभ्या. सगळ्यात जास्त दिवस गेले ते लाल बटणात. स्टॉप आला की बटण दाबायचं, टिंग वाजते, बस थांबते, हे त्याला पक्कं कळलं होतं. पण आधीच दुसऱ्या कोणी दाबलेलं असलं की त्याच्या दाबण्याने टिंग वाजत नसे, आणि टिंग नाही म्हणजे हा आपला स्टॉप नाही, असा त्याचा हिशोब. तो बसूनच राहायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातच गेले. पुढे दिवा पेटलाय का ते बघायला शिकला आणि एका मंगळवारी उतरला. मी ऑफिसातून रजा काढून पलीकडच्या फुटपाथवर झाडामागे उभा होतो, हे त्याला अजून माहीत नाही.

आता गावची गाडी. पुतण्याला एस्टीत कधी बटण दाबायला लागलं नाही. संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीचा कंडक्टर त्याला ओळखायचा. डुलकी लागली तर खांद्याला हलवून म्हणायचा, "उतर रे, तुझी वाडी इली." इंग्रज शेजाऱ्यांना मी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत असे. मग पुतण्या नववीत असताना, २०२४ च्या दिवाळीनंतर, त्या कंडक्टरची ड्युटी बदलली. पोराला पाटी वाचता आली नाही, तो भलत्याच गाडीत बसला आणि थेट सावंतवाडीला उतरला. घरचा नंबर पाठ नव्हता. रात्री नऊला एका रिक्षावाल्याने "खंयचो रे तू?" विचारत विचारत माग काढला आणि त्याला घरी आणून सोडलं, पैसेही घेतले नाहीत.

गावात ही गोष्ट आजही माणुसकीची म्हणून सांगतात. रिक्षावाला देवमाणूस, यात वाद नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला घरचा नंबर पाठ करून घ्यावा असं कोणाला वाटलं नव्हतं. दादाला नाही, शाळेला नाही, आणि दर सुट्टीत चॉकलेटं घेऊन जाणाऱ्या काकालाही नाही. सगळे त्याला सांभाळत होते, त्यामुळे शिकवायचं राहून गेलं.

त्याच डिसेंबरात मी गावी होतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. दोन्ही बाजूंच्या दोरांना पंधरा-पंधरा माणसं, त्यांत पुतण्या. दोर ओढताना त्याचा पाय वाळूत कसा रुततो आणि शेजाऱ्याच्या तालात कसा सुटतो, ते बघत राहावं. जाळं वर आलं, बांगडे होते, थोडे पेडवे. मग विक्रीचे वाटे लावायला त्यालाच बसवलं. मोजत नाही, वजन नाही, नुसत्या नजरेने. दहा वाटे लावले, एका बाईने संशयाने दोन मोजले, दोन्हीकडे तेवढेच.

"बघ," दादा म्हणाला, "शाळेत नाय तर नाय, हय उभो रवतलो."

कोकणातल्या सगळ्या पालकांचा हा ठेवणीतला आधार आहे: कुठेतरी लागेल. कोणाच्या बागेत, कोणाच्या होडीवर, मामाच्या दुकानात. गेल्या पिढीत लागतही असे. पण आता रापणीला मासळी किती मिळते ते रापणवाल्यांना विचारा. पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडीचे दिवे लावून खोल पाण्यातच मासा उचलला जातो, यावरून मालवण-वेंगुर्ल्याला किती भांडणं झाली. ज्या किनाऱ्यावर धडधाकट पोरं टिकत नाहीत, गोव्याला कामाला जातात, तिथे याची जागा राखून ठेवलीय असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

आणि वाटप झालं तेव्हा एक गोष्ट दिसली. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या पोराला वाटा रोख मिळाला. याच्या हातात पिशवीतून चार बांगडे. मी वाटप करणाऱ्याला विचारलं, असं का?

"तेका पैसे कळनत नाय," तो साधेपणाने म्हणाला. खोटं बोलत नव्हता. नजरेने दहा वाटे सारखे लावणाऱ्या पोराला पाचशेच्या नोटेतून परत किती यायचे ते येत नव्हतं. त्या वर्षी त्याला बीजगणिताची शिकवणी लावलेली होती, महिना आठशे रुपये.

ग्रुपवर मात्र वाद चालतो तो वेगळाच. ढकलपास बंद केलं ते बरं की वाईट? शिक्षण हक्काच्या कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला, पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा मिळाली, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियमही काढले. निवृत्त शिक्षक असलेले आमचे आतेकाका खूश: आता पोरं अभ्यासाला बसतील. माझी चुलतबहीण म्हणते, पोरं शाळाच सोडतील. दोघांचंही थोडं खरं असेल. पण पुतण्यासारख्या मुलाला पुढे ढकलला काय आणि मागे ठेवला काय, 'घर' चं 'धर' का होतंय हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही. इंग्लंडात सहसा कोणाला मागे ठेवतच नाहीत, वयाप्रमाणे वर्ग. तरी सोळाव्या वर्षी गणित-इंग्रजीत निदान '४' ही पासाची श्रेणी मिळाली नाही तर अठरापर्यंत तेच विषय पुन्हा पुन्हा करत राहावे लागतात. आपलंच दहावीचं वेड, फक्त जरा शिस्तीत.

इथल्या छोट्या उद्दिष्टांचं मला भारी कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात पुढच्या बैठकीचा कागद आला. त्यात पुन्हा बस. या वेळी पाच स्टॉप. मी विचारलं, आणि वाचन? बाई हसून म्हणाल्या, आपण 'रिअलिस्टिक' राहूया. हा शब्द इथे फार गोड आवाजात वापरतात. मी म्हटलं, पाच स्टॉपही राहू द्या आणि वाचनही लिहा, नाही जमलं तर मी तुमच्यावर रागावणार नाही. अर्धा तास गेला, पण लिहून घेतलं.

दादाच्या फोनचं राहिलं. सतरा नंबर त्याने भरला नाही. वहिनीच उठली, पिशवीतून कागद काढला आणि शाळेत देऊन आली. लेखनिक मिळायचा अर्ज झाला. लग्नाचं बघू तेव्हा, म्हणाली.

चार दिवसांनी दादाने पुन्हा फोन केला. "तो तुमचो कागद कसो असता रे? बसीचो?"

मी त्याला पाठवायला बसलो. 'उद्दिष्ट', 'निष्पत्ती' असले शब्द लिहिले आणि खोडले. शेवटी तीन ओळी मालवणीत लिहिल्या. घरचो नंबर पाठ. पाचशेच्या नोटेचे परत किती. वेंगुर्ल्याच्या स्टँडवरसून पाटी बघून एकटो घराक, जुलैपर्यंत.

दोन निळ्या खुणा आल्या. मग दादाचा आवाजी मेसेज, मागे कावळे ओरडत होते.

"पयली दोन होतली. तिसऱ्याक जुलै नको. पावसात एस्टीचा काय खरा नाय. दिवाळी लिही."