‘पतंगाची गरजच काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

निशाचर पतंगाच्या डोळ्यावरून सुचलेल्या परावर्तनरोधी पृष्ठभागांवरील माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. पहिला मान्य आहे. ‘परावर्तन शून्यावर येते’ हे माझे वाक्य चुकीचे होते, ‘अत्यल्प होते’ असे हवे होते, आणि तशी दुरुस्ती मी केली आहे. मात्र ती सुचवताना ‘लेखकाने शाळेचे भौतिकशास्त्र पुन्हा वाचावे’ असा सल्ला जोडण्याचे प्रयोजन मला कळले नाही. वाचकाला चूक दाखवण्याचा अधिकार आहे, लेखकाची इयत्ता ठरवण्याचा नाही.

आता आपले ते वाक्य : ‘हे गणित लॉर्ड रेले यांनी 1880 मध्येच मांडले होते, मग पतंगाची गरजच काय?’

हवेतून काचेत शिरताना अपवर्तनांक (द्रव्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप) एकदम न बदलता हळूहळू बदलत गेला, तर फारच थोडा प्रकाश परततो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी दाखवले, कबूल. पण त्या मधल्या अपवर्तनांकांचे पदार्थ आणायचे कोठून? साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.5, परावर्तन घटवणाऱ्या लेपासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम फ्लोराइडचा 1.38, आणि त्याखाली टिकाऊ असे घन द्रव्य फारसे हाती लागत नाही. हवेच्या 1 पर्यंतची उरलेली उतरण कागदावर काढता येते, काचेवर ओतता येत नाही.

पतंगाने ती द्रव्य न बदलता, निव्वळ आकाराने साधली आहे. बर्नहार्ड आणि मिलर या संशोधकांनी 1962 मध्ये त्याच्या डोळ्यावरील जे उंचवटे वर्णिले, ते सुमारे 200 नॅनोमीटर उंच आणि साधारण तितक्याच अंतरावर असतात. हे अंतर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून कमी असल्यामुळे प्रकाशाच्या लेखी सुटे उंचवटे नसतातच. टोकाशी जवळजवळ हवा, बुडाशी जवळजवळ द्रव्य, आणि मध्ये पातळीगणिक बदलत जाणारी त्यांची सरासरी. क्लॅफम आणि हटली यांनी अशी रचना प्रकाशसंवेदी थरात कोरली ती 1973 मध्ये, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच पतंगाच्या डोळ्याचे नाव घेऊन. मधली 93 वर्षे रेले यांचे गणित कोणी कुलपात ठेवले नव्हते.

हे मी ऐकीव सांगत नाही. भिंगे घासण्यात आणि तपासण्यात माझी 18 वर्षे गेली. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो, त्यामुळे अनेक भिंगांच्या संचात एका दिव्याच्या फिकट प्रतिमांची माळ कशी उमटते, हे मी रोज पाहिले आहे. एकपदरी लेपाचे भिंग तिरके केले की त्याची जांभळट झाक बदलते. पतंगाच्या धर्तीवरचा नमुना पहिल्यांदा हाती आला, तेव्हा कितीही कलवला तरी तशी झाक दिसेना. (त्याच नमुन्याला माझा अंगठा लागला आणि नेमका तेवढा ठसा चकाकू लागला, ही गोष्ट वेगळी.) आपण आजवर किती भिंगे हाताळली, हे मी विचारत नाही.

‘बोट लागले की संपले’ आणि ‘मोठ्या आकारात परवडत नाही’ हे उरलेले दोन आक्षेप उत्पादकांना विचारण्यासारखे आहेत. माझा लेख तत्त्वाविषयी होता आणि ते त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. तेथवर आपण पोहोचला असाल, असे गृहीत धरतो.