रुबल वधारला म्हणजे निर्बंध फसले?

नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परवा तिसऱ्यांदा आला. या खेपेला चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. सार असं: आर्थिक निर्बंधांनी आजवर एकही युद्ध थांबलेलं नाही, रशियावर निर्बंध घातले तर रुबल उलट वधारला आणि त्यांची अर्थव्यवस्था वाढली, १९९८ च्या अणुचाचणीनंतर आपणही निर्बंधांना भीक घातली नाही, मार बसतो तो फक्त गरिबांना. मी वीस वर्षं न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करतोय. निर्बंध मला टीव्हीवरच्या चर्चेतून नाही, अडकलेल्या पेमेंटमधून कळतात. म्हणून हे उत्तर जरा लांबलंय.

‘एकही युद्ध नाही’ हे खोडायला १९५६ साल पुरे. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला म्हणून इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले आणि ६ तारखेला लंडनने युद्धबंदी मान्य केली. रणांगणावर ते हरत नव्हते. पण पौंड घसरत होता, गंगाजळी आटत होती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून पैसे मिळायची वाट अमेरिकेच्या आयझेनहॉवर सरकारने अडवून धरली होती. रशियाच्या धमक्याही होत्या, पण लंडनला झोंबला तो पैसा. डिसेंबर संपायच्या आत ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य परत गेलं. काका म्हणतील, हे काही रीतसर निर्बंध नव्हेत. नसतील. पण नाडी पैशाचीच होती, आणि ती आवळली मित्राने. शत्रूच्या हातात ती फारशी नसतेच.

फॉरवर्डवाल्याला शोभणारं उदाहरण मात्र त्याला सापडलं नाही, ते मी देतो. १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. तेव्हाच्या राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) निर्बंध घातले, पण तेल आणि कोळसा यादीत नव्हते, आणि मुसोलिनीची जहाजं सुएझमधून खुशाल जात राहिली. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंधच उठवले. रणगाडा ज्याच्यावर चालतो ते सोडून बाकी सगळं बंद!

रशियाच्या बाबतीत पहिल्या वर्षी थोडंफार हेच झालं. युद्ध सुरू झालं २४ फेब्रुवारी २०२२ ला. युरोपने समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल घेणं थांबवलं ५ डिसेंबरला. मधले नऊ महिने भाव चढे आणि गिऱ्हाईक हजर. त्या वर्षी रशियाच्या चालू खात्यात, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशेबात, २०० अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक पडली. ‘निर्बंध फसले’ असं म्हणण्याआधी ते कुठे लावलेच नव्हते, हे बघायला नको का?

आता रुबल. फॉरवर्डमधला हा सगळ्यात चतुर मुद्दा, कारण आकडा खोटा नाही. मार्च २०२२ मध्ये डॉलरला १२० च्या पुढे घसरलेला रुबल जूनअखेर पन्नाशीच्या आसपास आला. का आला? रशियाने व्याजदर २० टक्क्यांवर नेला, निर्यातदारांना ८० टक्के परकी चलन सक्तीने विकायला लावलं, लोकांनी परदेशी चलन काढण्यावर मर्यादा आणली. आणि मुख्य म्हणजे आयात कोसळली. डॉलर होते, पण त्यांनी विकत घ्यायचं काय? लॉकडाऊनमध्ये दुकानं, हॉटेलं बंद असल्यामुळे आपल्यापैकी ज्यांचा पगार चालू होता त्यांच्या खात्यात पैसे साठले. त्याला कुणी सुबत्ता म्हटलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हाच रुबल डॉलरला १०० च्या पार घसरला, तेव्हा मात्र फॉरवर्ड आला नाही.

आयात कोसळते म्हणजे काय होतं, ते मी टेबलावर पाहिलंय. १ मार्च २०२२ ला मोठमोठ्या कंटेनर लाइन्सनी रशियाचं बुकिंग बंद केलं. नेमका द्राक्षांचा हंगाम. आमच्या एका नाशिकच्या पार्टीचे दोन रीफर, म्हणजे थंड कंटेनर, यार्डात प्लगवर उभे, आणि आमची फोनाफोनी. १२ मार्चला सात रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप यंत्रणेतून, बाहेर काढल्या गेल्या. आमच्या पार्टीच्या गिऱ्हाइकाची बँक त्यात नव्हती, तरी इथली बँक पेमेंट घ्यायला कां-कूं करायला लागली. माल शेवटी दुसऱ्या बंदरातून फिरून गेला. भाडं जवळपास दुप्पट, पैसे चार महिन्यांनी, तेही दुबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत. द्राक्षांऐवजी तिथे क्षेपणास्त्राला लागणारी चिप ठेवून बघा. तीही पोचते, तुर्कस्तान नाहीतर हाँगकाँगवरून. पण महाग, उशिरा आणि मिळेल तशी.

पुढची गंमत आपल्याच रुपयाची. आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा युद्धाआधी दोन टक्क्यांच्या आत होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेले रशियाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगून टाकलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. तेल विकलं, पैसे आले, पण त्या पैशांतून हवं ते घेता येईना. लढणाऱ्या देशाला याला अडचणच म्हणावं लागेल. शिवाय त्यांच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर परदेशांत गोठलेत, ते वेगळेच.

‘अर्थव्यवस्था वाढली’ हे खरं आहे. नाणेनिधीने २०२२ साठी साडेआठ टक्के घसरण सांगितली होती, प्रत्यक्षात ती एक-दीड टक्क्याच्या घरात राहिली, आणि २०२३ मध्ये वाढ झाली. भाकीत साफ चुकलं. पण तोफगोळाही राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो, फुटला तरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला मूळ व्याजदर २१ टक्के होता. आपल्या गृहकर्जाला एवढं व्याज लावा आणि मग ठणठणीत अर्थव्यवस्थेबद्दल बोलू.

१९९८ चं तर पहिल्यापासूनच जुळत नाही. अणुचाचणी हे झालेलं कृत्य होतं. मागे फिरवता येईल असं त्यात काही नव्हतं, फ्रान्स-रशियाने निर्बंध घातलेच नव्हते, आणि अमेरिकेचे २००१ मध्ये उठलेही. आपल्यावरच्या निर्बंधांचा परिणाम बघायचा तर तारापूरचं अणुवीज केंद्र बघा. १९७४ च्या चाचणीनंतर अमेरिकेने तिथल्या इंधनाचा हात आखडता घेतला, मग फ्रान्सकडे जावं लागलं. अवकाशात जाणाऱ्या रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान रशियाने अमेरिकी दबावाखाली १९९३ मध्ये नाकारलं. आपल्या स्वतःच्या इंजिनाचं जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झालं जानेवारी २०१४ मध्ये. आपण करून दाखवलं, अभिमान आहेच. पण मध्ये वीस वर्षं गेली. लढाईत एवढा वेळ कोण देतं? १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत-पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा बंद केला, तेव्हा पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकेचीच असलेल्या पाकिस्तानला सुट्या भागांची चिंता आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

गरिबांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, फॉरवर्डमध्ये आहे त्याहून जास्त. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावलं आणि इराकवर सरसकट निर्बंध आले. कुवेत त्या निर्बंधांनी सुटलं नाही, त्याला युद्धच लागलं. सद्दाम मात्र आणखी बारा वर्षं टिकले आणि हाल झाले ते सामान्य इराकी माणसाचे. औषधं तेव्हाही कागदावर वगळलेली होती. इराणच्या बाबतीत आजही तशीच असतात. गेल्या वर्षी एका पार्टीचा तिकडे जाणारा औषधांचा माल होता. कागद एकूण एक बरोबर, निर्बंधांच्या यादीत कुणाचं नाव नाही. तरी बँकेतला माणूस फाइल परत सरकवत म्हणाला, "साहेब, नियमात बसतंय हो, पण कशाला ती भानगड?"