चाकाचा आऊट

सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना रिमचं डावी-उजवीकडे नाचणं, घरी काढायचाच असेल, तर आधी अंगणाचं फाटक लावून घ्यावं. सायकल सीट आणि हँडलवर उलटी केली रे केली, की ओट्यावर तीन आप्पा आणि एक नाना जमतात. 'काय करी ऱ्हायना भो?' खानदेशात याला 'दिसत नाही का?' असं उत्तर देता येत नाही. चहा सांगावा लागतो.

पाना उचलण्याआधी रिम धरून चाक आडवं हलवायचं. खडखडलं तर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) कोन, म्हणजे आतले छर्रे दाबून धरणारे नट, ढिले आहेत; तारांचा काही गुन्हा नाही. मग हात चिमट्याला (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना) टेकवून रिमजवळ खडू धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथे रिम बाहेर येते, तिथे पांढरी रेघ उमटते. नजर रिमवर. टायर नीट बसला नसेल तर तोही नाचतो, आणि शिव्या रिमला बसतात.

आता भाऊबंदकी. साध्या 28 इंची सायकलच्या मागच्या चाकाला 40 तारा असतात, 20 हबच्या डाव्या बाजूला, 20 उजव्या. रिम म्हणजे मधला बांध. जो तो आपल्याकडे ओढतो. बांध डावीकडे सरकला असेल तर तिथल्या उजव्या दोन तारा पाव फेरा आवळायच्या आणि डाव्या तेवढ्याच सैल करायच्या. नुसत्या आवळत सुटलं तर रिम हबकडे ओढली जाऊन तिथे चपटी होते, आणि मग चाक आडवं नाचायचं थांबून उभं उड्या मारतं.

तारेच्या रिमकडच्या टोकाला निपल असतं, म्हणजे तार आवळायचा छोटा नट. त्यावर पाना फिरवायचा कुठल्या बाजूला, यावर ओटा फुटतो. खुर्चीतले आप्पा टायरकडून बघतात, त्यांना आवळणं घड्याळाच्या दिशेने दिसतं. मी पाटावर बसून हबकडून बघतो, मला नेमकं उलटं. दोघंही बरोबर, म्हणून वाद मिटत नाही.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्रीच तेलाचा थेंब सोडावा. नाना पकड पुढे करतात. ती घेऊ नये. निपलचे कोपरे गेले की पानाही बसत नाही. रिम खड्ड्यात आपटून मुळातच वाकली असेल, तर तारा ओढून उपयोग नाही, नवी रिमच.

मिलिमीटरभर आऊट राहिला तर सोडून द्यावा. शेवटी एका बाजूच्या दोन-दोन तारा मुठीत दाबायच्या. पीळ सुटताना टण्ण आवाज येतो. मग खडूची फेरी पुन्हा, कारण आऊट थोडा परततोच.

आणि तारेचं टोक निपलच्या वर आलं असेल तर टायर काढून ते कानशीने घासायचं, वर रिमपट्टी. हे राहून गेलं की चाक सुतासारखं सरळ फिरतं, आणि ट्यूबमधून स्स्स्स येतं. तिघाही आप्पांनी ते आधीच सांगितलेलं असतं.