न्हाणीघरातील बुरशीची निगा कशी राखावी

रत्नागिरीच्या आसपास पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि आंबोलीला तर त्याच्या दुपटीइतका. निसर्गाने एवढे अनुदान घरपोच दिल्यावरही ज्यांच्या न्हाणीघराच्या भिंती ऑगस्टात पांढऱ्या दिसतात, त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घ्यायला जागा आहे. आपल्याकडून अशी कुचराई होऊ नये, यासाठी पुढील मार्गदर्शन करीत आहे.

प्रथम पूर्वजांच्या चुका समजून घ्याव्यात. जुन्या माणसांनी न्हाणी मागीलदारी बांधली, चिऱ्याच्या भिंतींना चुना लावला, वरच्या बाजूला मोकळा झरोका ठेवला आणि शेजारीच पाणी तापवायची चूल पेटवली. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, झरोक्यातून वाफ निघून जाते आणि चुलीच्या धगीने भिंत वाळते. एवढा बंदोबस्त केल्यावर बुरशीने जगावे कसे, याचा विचार त्या पिढीने केला नाही. आपण मात्र सुधारलेले आहोत. न्हाणीघर घराच्या मधोमध घ्यावे. खिडकी शेजाऱ्याच्या परसाकडे उघडते म्हणून ती गाळावी किंवा कायमची बंद करावी. दाराला खाली फट राहू देऊ नये. वर पीओपीचे छत करावे आणि एक्झॉस्ट फॅन बसवायचाच झाला, तर त्याचे तोंड बाहेर न काढता त्याच छताच्या पोकळीत सोडावे. म्हणजे खालची वाफ वर जाते, वर मुक्काम करते आणि बुरशीला माळ्यासकट घर मिळते. पाल आत येते या कारणास्तव फॅनच्या भोकात गोणपाट कोंबण्याचीही प्रथा आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो.

बुरशीचे बी कोठून आणावे, असा प्रश्न काही होतकरू वाचक विचारतात. त्याची चिंता नको. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. साबणाचा थर, अंगाचा मळ आणि भिंतीवरचा रंग हे अन्नही आपण पुरवतोच. राहता राहिले पाणी. घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राखावी आणि ओला झालेला पृष्ठभाग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत वाळू देऊ नये, एवढे पथ्य पाळले की पुरे. आषाढात बाहेरची हवाच ओलसर असल्याने नुसता फॅन फिरवून भिंत कोरडी होत नाही. ती वायपरने निपटून वर कोरड्या फडक्याने पुसावी लागते. म्हणूनच वायपर घेऊ नये, आणि पाहुण्यांच्या दबावाखाली घेतलाच तर दारामागे शोभेला टांगावा. आंघोळीनंतर अर्धा तास फॅन चालू ठेवणाऱ्या मंडळींना विजेच्या बिलाची आठवण करून द्यावी. ओले पंचे आणि झडीत न वाळलेले कपडे न्हाणीतच दोरीवर पसरावेत. नळ ठिबकत असल्यास त्याला हात लावू नये. भिंतीच्या पोटातला पाइप गळत असेल तर फारच उत्तम, कारण प्लंबर गणपतीपर्यंत येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

या कलेत खरी सिद्धी मिळवली ती चाकरमान्यांनी. मे महिन्याच्या अखेरीस बालदीत अर्धे पाणी तसेच ठेवून, सगळ्या खिडक्या घट्ट लावून ते मुंबईला निघून जातात आणि भाद्रपदात दार उघडतात, तेव्हा टाइल्सच्या सांध्यांपासून छताच्या कोपऱ्यांपर्यंत काळी नक्षी उमटलेली असते. दुर्दैवाने येथवर केलेली तपश्चर्या एका सकाळीत धुळीस मिळवण्याची घाई तेव्हा सुटते, कारण दोन दिवसांत पंधरा माणसे आंघोळीला रांग लावणार असतात.

या घाईतही आपला बाणा सोडू नये. घरात संडास साफ करायचे ॲसिड असते, कपड्यांचे ब्लीच असते आणि विहिरीत टाकायला आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही डब्यात उरलेली असते. एकाने जे होईल ते दोघांनी दुप्पट होईल, या हिशेबाने ही सर्व मंडळी एकाच बालदीत एकत्र आणणारे शूर पुरुष प्रत्येक वाडीत आढळतात. ब्लीच किंवा टीसीएलमध्ये ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला, तो हाच. त्यांना त्यासाठी हजारो नळकांडी वाहून न्यावी लागली. आपले काम एक बाटली आणि एक डबा यांवर भागते, आणि खिडकी आपण आधीच बंद केलेली असल्याने वायूची नासाडीही होत नाही. व्हिनेगर घातल्यानेही हेच घडते, तर अमोनिया असलेले काचेचे क्लीनर ब्लीचमध्ये ओतल्यास क्लोरामाइन नावाचे वेगळे विष मिळते. त्यानंतर आरती रुग्णालयातून ऐकावी लागते, एवढीच काय ती गैरसोय.

भित्र्या लोकांची रीत वेगळी असते. ते खिडकी उघडतात आणि घराकडचे दार लावून घेतात, रबरी हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क घालतात. बुरशी कोरडी खरवडली तर बीजाणू घरभर उडतात, म्हणून आधी ती ओली करतात, मग साध्या साबणाच्या पाण्याने टाइल घासतात. ब्लीच वापरायचेच असेल तर ते एकटेच, चार लिटर गार पाण्यात एक कप या प्रमाणात घेतात, दहा मिनिटे ठेवून धुतात आणि शेवटी भिंत पुसून कोरडी करतात. बुरशी नुसती मारून भागत नाही, मेलेलीही ॲलर्जी उठवते, म्हणून ती निपटून काढली पाहिजे, असा त्यांचा हट्ट असतो. पीओपीच्या किंवा जिप्समच्या छतात ती खोल गेली असेल तर तो तुकडाच काढून फेकतात आणि तीन फूट बाय तीन फुटांहून जास्त भाग काळा पडला असेल तर जाणकाराला बोलावतात. घरातील ओल आणि दमा यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितला आहे, असेही ही माणसे सुनावतात. आपण त्यांना सांगावे की आजीचा खोकला जुना आहे आणि तो हवा बदलल्याने होतो.

हे सारे टाळायचे असेल तर रंगाऱ्याला बोलवावे. तो बुरशीवरूनच बुरशीरोधक रंगाचे दोन हात मारतो, विसर्जनापर्यंत भिंत दुधासारखी दिसते, आणि पुढे पोपडे सुटू लागले की त्याला पुन्हा काम मिळते. यात एकच धोका संभवतो. एखादा म्हातारा गवंडी येईल, ओल्या भिंतीवर हात ठेवील आणि म्हणेल की रंगाच्या खर्चात बाहेरच्या भिंतीला फूटभर झरोका पाडून होईल, फॅनचा पाइप बाहेर काढता येईल आणि लादीचा उतार मोरीकडे वळवला की पाणीही साचणार नाही. अशा माणसाला चहा द्यावा, वेंगुर्ल्याकडे यंदा पाऊस कसा आहे ते विचारावे आणि तो गेटाबाहेर पडला की रंगाऱ्याला फोन लावावा.