नुसती मारहाण पुरत नव्हती

आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्ये उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यावरून खूप वादावादी झाली. तिथे जानेवारी २०२५ पासून लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते, महिन्याभरात नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्यातले बरेच जण, सगळे नेमाने मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जाणारे कॅथलिक, म्हणाले चांगलंच झालं, कुटुंब टिकवायचं तर कायदा कडकच पाहिजे. आणि एका दादाने मला उद्देशून लिहिलं की तू तिकडे युरोपात राहतोस, तिकडे कुटुंबाचं काय झालंय ते बघतोयस ना.

बघतोय दादा, आणि जे बघतोय ते नीट लिहायचं म्हणून बसलोय.

मी आयर्लंडमध्ये राहतो. या देशाने १९३७ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं की घटस्फोटाचा कायदा करताच येणार नाही, म्हणजे चर्चची शिकवण तीच देशाची घटना. १९८६ ला सार्वमत घेतलं तर लोकांनी नाही म्हटलं, १९९५ ला परत घेतलं तेव्हा हो वाले जिंकले पण फक्त ९,११४ मतांनी, आणि १९९७ पासून घटस्फोट मिळायला लागला, तोही चार वर्षं वेगळं राहिल्यावरच. घरं धडाधड मोडतील अशी भीती तेव्हा खूप घातली गेली होती. युरोपात सगळ्यात कमी घटस्फोट होणाऱ्या देशांमध्ये आयर्लंड आजही आहे.

आमच्या चर्चमध्ये एक आजी-आजोबा येतात. आजींचा पहिला नवरा १९७० च्या दशकात कामासाठी इंग्लंडला गेला तो परत आलाच नाही, पत्र नाही की पैसे नाहीत. या आजोबांनी त्यांना आणि दोन लेकरांना सांभाळलं, पुढे त्यांना एक मुलगी झाली, आणि ती कायद्याच्या लेखी अनौरस, कारण तो औरस-अनौरस भेद इथे १९८७ च्या कायद्याने काढला. आजी मला एकदा म्हणाल्या, वीस वर्षं मी अशा माणसाची बायको होते ज्याचा पत्ता पण मला माहीत नव्हता. यात कुटुंब कोणतं टिकलं ते दादाने मला सांगावं.

आणि युरोप कशाला, आपल्याच घरात बघू. आत्याला तिचा नवरा मारायचा हे ग्रुपवरच्या सगळ्या मोठ्यांना माहीत आहे. ती वकिलाकडे गेली तेव्हा मी शाळेत होतो, कागदांची पिशवी धरून शेजारी बसलो होतो. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, खालमानेने लिहीत होता, आणि मग विचारलं, बाहेर बाई आहे का त्याची? काही पुरावा? आत्या म्हणाली नाही. त्याने पेनचं टोपण लावलं. तो माणूस वाईट नव्हता, कायदाच तसा होता. १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार अधिक मारहाण, नाहीतर व्यभिचार अधिक सोडून जाणं, असं दोन्ही सिद्ध करायला लागायचं. नुसती मारहाण पुरत नव्हती. मुंबई हायकोर्टाने १९९७ मध्ये ते कलम खोडलं, संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला, तोपर्यंत आत्याची उमेद गेली होती. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायला हिंदूंना, पारशांना एक वर्ष वेगळं राहावं लागतं, आपल्या ख्रिस्त्यांना कायद्याच्या पुस्तकात अजूनही दोन वर्षं लिहिलेली आहेत, केरळ हायकोर्टाने २०१० मध्ये ते एक वर्ष धरलं तरी. यावर ग्रुपवर कधी कोणी एक ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही.

माझी श्रद्धा बदललेली नाही, हे स्पष्ट सांगतो. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये हे मी मानतो, माझं लग्न त्याच शब्दांवर झालं. पण बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो की प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, तर हा सहनशीलपणा कुठल्या कलमाने माणसात आणायचा? कायदा फक्त उगारलेला हात धरू शकतो, पोराच्या खाण्यापिण्याचा खर्च वसूल करून देऊ शकतो, आणि तेवढं त्याने केलंच पाहिजे. बाकीचं काम आपलं आहे, घराचं, पॅरिशचं म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचं, आणि ते आपल्याला जमलं नाही म्हणून पोलिसाला बोलवायचं हे मला ख्रिस्ती वाटत नाही.

दादाचं एक मात्र खरं आहे, की सरकारने कुटुंबाची व्याख्या हवी तशी ताणू नये. मार्च २०२४ मध्ये इथल्या सरकारने घटनेत लग्नासोबत 'टिकाऊ नातं' असा शब्द घालायचं ठरवलं आणि ६७ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. माझ्या ऑफिसमधले चर्चला कधीही न जाणारे लोक पण विरोधात होते, कारण टिकाऊ म्हणजे किती हे त्यांना कोणी नीट सांगू शकलं नाही. मला तो निकाल पटला. पण मग दादा, आयर्लंडच्या सरकारला जे मोजता येत नाही ते डेहराडूनच्या सरकारी टेबलावर कसं मोजणार?

त्या आजी-आजोबांनी घटस्फोट मिळाल्यावर रजिस्टर लग्न केलं, पण चर्चच्या नजरेत पहिलं लग्न कायम आहे म्हणून ते कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर, घेत नाहीत. रांगेत मात्र येतात, छातीवर दोन्ही हात आडवे धरून, म्हणजे फादरला कळतं की फक्त आशीर्वाद द्यायचाय. चर्चने आपला नियम सोडलेला नाही आणि त्यासाठी चर्चला कुठला सरकारी कागद लागत नाही. परवाच्या रविवारी आजोबांचे हात खूप थरथरत होते, छातीवर राहीनात, तेव्हा आजींनी रांगेतच थांबून आधी त्यांचे हात नीट लावून दिले आणि मग आपले लावले.