एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जुनी ऑटोमॅटिक, दोन दिवस आणि ३,५०० रुपये

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. गाडी दोन दिवस अडकवून ठेवली, ‘नुसत्या तपासणीचे’ ३,५०० रुपये घेतले, आणि तुम्ही सांगूनही गिअर ऑइल फ्लश करून दिलं नाही, अशा तुमच्या तक्रारी आहेत. दुसऱ्या एका गॅरेजने म्हणे फोनवरच, तेही फुकटात, गिअरबॉक्सचं ८५ हजारांचं ओव्हरहॉल सांगितलं. ठाण्यात वागळे इस्टेटला जुन्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या घेऊन येणारे बरेच जण आधी इथे डोकावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी २०१०ची. तुम्ही सांगितलेलं की रिव्हर्स टाकताना धाडकन आवाज येतो, मीटरमधला ‘डी’ (ड्राइव्ह) अधूनमधून लुकलुकतो आणि ट्रॅफिकमध्ये गाडी ओढत नाही. तिन्ही एकाच गिअरबॉक्सची दुखणी वाटतात. निघाली तीन वेगवेगळी.

आवाजाचं कारण सर्वांत आधी सापडलं. बोनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून आर आणि डी टाकून बघितलं, तर इंजिन जागेवरून चांगलं दोन बोटं उचललं जात होतं. इंजिन ज्यावर बसतं त्या खालच्या फाउंडेशनचं रबर आरपार फाटलेलं. त्याचा व्हिडिओ तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. रबर बदललं, धाडकन आवाज गेला. ‘दोन दिवसांत एक रबर बदललं’ असं तुम्ही लिहिलंय ते हेच. या आवाजापायी लोकांनी आख्खे गिअरबॉक्स उघडलेले मी बघितलेत.

‘डी’ लुकलुकण्याचं तसंच. स्कॅनरवर पी०७४० कोड आला. हा कोड दिसला की अनेक जण ‘टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) गेला’ म्हणून मोकळे होतात. पण कोड सांगतो तो लॉक-अपच्या, म्हणजे कन्व्हर्टर घसरू नये म्हणून त्याला जखडणाऱ्या क्लचच्या, सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच; वायर, कनेक्टर, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) की आतलं काही, ते शोधायचं काम आपलं. तुमच्या गाडीत कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज चढला होता, ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात हे नवीन नाही. पीन साफ केली, सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला, तो बरोबर होता. कोड खोडून गाडी फिरवली, पुन्हा आला नाही.

आता दोन दिवसांचं. ऑटोमॅटिक थंड असताना एक वागते, तापल्यावर दुसरं. आत सीलं कडक झाली असतील तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते. ते बघायचं तर गाडी रात्रभर उभी हवी. तुमची गाडी सकाळी लगेच उचलली, ही चांगली खूण. मग कापूरबावडीपासून गायमुखच्या चढापर्यंत घोडबंदर रोडने नेली, मुद्दाम गर्दीच्या वेळी. रांगत्या ट्रॅफिकमध्ये कन्व्हर्टर सतत घसरतो, ऑइल तापून पातळ होतं, आणि झिजलेल्या सीलांतून प्रेशर गळायला लागतं. चढावर तेच झालं: दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम वर पळाले आणि गाडी मागे राहिली. स्कॅनर लावून पार्किंगमध्ये उभ्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं.

हे दुखणं अजून आहे, आणि ते आम्ही लपवलेलं नाही. तुमच्या जॉबकार्डावर लिहिलंय: ‘गरम असताना २-३ घसरतो, लाइन प्रेशर टेस्ट करावी.’ म्हणजे गेज लावून गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब मोजायचा. ती टेस्ट तुम्ही नको म्हणालात. तुमची मर्जी होती, पण मग ‘प्रॉब्लेम तसाच’ लिहिताना तेही लिहायला हवं होतं.

फ्लशबद्दल. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन तुम्हाला दाखवला होता: गडद तपकिरी, जरासा जळका वास, पण बोटांत चोळल्यावर कचकच नाही. ऑइल आधी कधी बदललंय का, तुम्हालाही माहीत नव्हतं. अशा गिअरबॉक्समध्ये मशीन लावून दाबाने ऑइल फिरवलं, तर तळाशी बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलच्या बारीक वाटांमध्ये, अडकू शकतो. काही मिस्त्री करतात, त्यांचे गिअरबॉक्स चालतातही. मी करत नाही. प्लग उघडून निघेल तेवढंच काढायचं, तेवढंच कंपनीच्या ग्रेडचं नवीन भरायचं. निम्मं-अर्धं आत कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा तेच. आणि तेही प्रेशर मोजल्यानंतर, कारण क्लच प्लेटाच संपल्या असतील तर नव्या ऑइलचे पैसे पाण्यात.

ओव्हरहॉल लागणारच नाही, असं मी म्हणत नाही. कदाचित लागेल. पण ज्यांनी ८५ हजार सांगितले त्यांना एवढंच विचारा, की गरम गाडीत प्रेशर किती आलं आणि कोणत्या गिअरला कमी पडलं? आकडा आला नाही तर गिअरबॉक्स उघडू देऊ नका, आमच्याकडेही नाही.

३,५०० परत करणार नाही, कारण काम झालेलं आहे. मात्र प्रेशर टेस्टसाठी गाडी आणलीत तर वेगळे पैसे लावणार नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं. इतर कुठल्याही दिवशी दुपारी चारच्या आत आणा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत गाडी तापवून लगेच गेज लावता येईल, आणि या वेळी तुम्ही शेजारच्या सीटवर बसा.