बर्फ मोजा, मग कॉफी करा

गेल्या रविवारी पुतण्या आला होता. दुपारचे तीन वाजलेले, नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला. त्याच्या हातात गार कॉफीचा ग्लास दिला. अर्धा तास गप्पा झाल्या आणि तळाचा शेवटचा घोट घेताना तो म्हणाला, "काकू, बर्फ तर सगळा विरघळला. मग ही पाणचट कशी नाही झाली?"

प्रश्न छोटा होता, पण गार कॉफीचं सगळं मर्म त्यात आहे. घरात त्या दिवशी बरीच माणसं होती, त्यामुळे त्याला नीट सांगणं झालं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. त्याच्याइतकंच ते तुमच्याही उपयोगाचं आहे, कारण कॉफी चांगली आणून, दूध चांगलं आणून, शेवटी ग्लासात फिकट तपकिरी पाणी उरतं अशी तक्रार मी घरोघरी ऐकते.

आपण बर्फ शोभेसारखा वरून टाकतो. तसं नाही. बर्फ हे पाणी आहे आणि ते कॉफीत जाणारच आहे, फक्त थोडं उशिरा. स्वयंपाकात आमटीला पाणी किती घालायचं हे आपण ठरवतो, मग कॉफीतलं पाणी बर्फाच्या मर्जीवर का सोडायचं?

शाळेत शिकलेला एक आकडा इथे कामाला येतो. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार होताना एक कॅलरी देतं. म्हणजे ८५ अंशांची १०० मिली कॉफी ५ अंशांवर आणायची तर साधारण ९५ ग्रॅम बर्फ वितळून तिच्यात मिसळतो. जेवढी कॉफी, जवळजवळ तेवढंच पाणी! नेहमीच्या चवीची गरम कॉफी करून तिच्यात बर्फ टाकला की ती निम्म्याने पातळ होते, यात कॉफीचा काही दोष नाही. तीच कॉफी आधी निवून ४० अंशांवर आली असेल (नागपुरात उन्हाळ्यात ओट्यावर ती त्याखाली फारशी जातही नाही) तर ४० ग्रॅम बर्फ पुरतो. आणि फ्रिजमध्ये ८ अंशांपर्यंत गार केली असेल तर तीन-चार ग्रॅम. माझ्या ट्रेमधला एक खडा २० ग्रॅमचा भरतो, मी वजन करून पाहिलंय. तुमच्या ट्रेमधला एकदा तोलून बघा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

हे कळल्यावर दोनच रस्ते उरतात. एक, कॉफी मुळातच इतकी दाट करायची की बर्फाचं पाणी धरून ती बरोबर होईल. दोन, ती आधीच गार करायची आणि बर्फ नावापुरता घालायचा. मी दुधाच्या कॉफीला दोन्ही एकत्र वापरते, आणि त्यासाठी मला मशीन लागत नाही. दाक्षिणात्य घरांत असतो तो दोन मजली स्टीलचा फिल्टर लागतो. चारशे-पाचशे रुपयांत येतो आणि पुढची वीस वर्षं बघावं लागत नाही.

वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पावडर घालते, म्हणजे पोह्याचे सहा चमचे. दांडीवाल्या चकतीने ती हलकेच बसवायची, दाबून कोंबायची नाही. कोंबली की पाणी अडतं आणि तासाभराने खाली कडू काढा मिळतो. उकळून मिनिटभर थांबलेलं पाणी आधी थोडंसं, पावडर भिजेल इतकंच. ती फुगते. मग उरलेलं, सगळं मिळून १५० मिली. खाली येतं साधारण ९० मिली, बाकीचं पावडर पिऊन टाकते. हे डिकॉक्शन दोन ग्लासांचं. झाकण घट्ट असलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये तासभर. झाकण घट्टच हवं, कारण चिरलेला कांदा शेजारी असेल तर कॉफीला त्याचा वास लागतो. बर्फालाही लागतो. फ्रीजरमध्ये सोड्याची (सुक्या कोळंबीची) किंवा मासळीची पिशवी असेल तर बर्फाचा ट्रे झाकणाचाच घ्या. कितीतरी ग्लास मी केवळ बर्फाच्या वासाने वाया गेलेले पाहिले आहेत.

एका ग्लासात ४५ मिली डिकॉक्शन, १२० मिली फ्रिजमधलं दूध, बर्फाचे चार खडे. दोन्ही गोष्टी आधीच गार असल्याने खडे सावकाश विरघळतात, आणि विरघळले तरी डिकॉक्शन एवढं दाट असतं की चव टिकते. पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

दुधाबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या घरांत गार कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा दुधापाशी. आपण पिशवीचं दूध आणल्याबरोबर उकळतो. त्यावर साय धरते, आणि गार कॉफीत सायीचे तुकडे जिभेवर आले की मजा गेली. गरम कॉफीत ते चालून जातात, गारमध्ये नाही. म्हणून दूध उकळा, पूर्ण गार करा, आणि ओतताना बारीक गाळणीतून गाळा. नुसती साय बाजूला सारून भागत नाही. दुसरं म्हणजे म्हशीचं दाट दूध. विदर्भात त्याचं फार कौतुक, मलाही चहाला तेच लागतं. पण स्निग्धांश जास्त असला की तो जिभेवर थर धरतो आणि कॉफीचा वास दबतो. गार कॉफीला मी गाईचंच दूध घेते. घरात म्हशीचंच असेल तर दूध कमी करा, पाणी वाढवू नका.

मिक्सर मी वापरत नाही. मिक्सरमधून फेसाचा ग्लास भरतो, फेस बसला की खाली निम्मं उरतं. शिवाय बर्फाचा चुरा होतो आणि चुरा खड्यापेक्षा कितीतरी लवकर विरघळतो. फेस हवा असेल तर रवीने घुसळा. ताकाची लहान रवी असते ना, तीच. दूध आणि डिकॉक्शन उभ्या भांड्यात घ्या, दहा-बारा वेळा घुसळा, मग बर्फावर ओता.

साखर गार दुधात घालून चमचा फिरवत बसणारे लोक पाहिले की मला त्यांच्या हातातून चमचा घ्यावासा वाटतो. साखर गार पाण्यात विरघळत नाही असं नाही, ती फार सावकाश विरघळते, आणि तोवर आपण कॉफी पिऊन मोकळे होतो. तळाशी साखर, वर कडू. डिकॉक्शन गरम असतानाच साखर घाला, नाहीतर साखर आणि पाणी समान घेऊन एक उकळी काढून बाटलीत ठेवा. तार वगैरे बघायची नाही. आणि गरम कॉफीला घालता त्याहून थोडी जास्त घाला, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, नको इतकं गोड लागतं. तेच गोठलेलं असताना बरोबर लागत होतं.

पावडर कोणती, हा पुढचा प्रश्न. पाकिटाच्या मागे बघा. आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी फिल्टर कॉफी चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) मिसळलेली असते, कॉफी आणि चिकोरी ८०-२०, ७०-३०, ६०-४०. कायद्याने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे कॉफीच्या पाकिटात जवळजवळ निम्मी कॉफी नसू शकते. मी चिकोरीच्या विरोधात नाही. दुधाच्या कॉफीला तिच्यामुळे दाटपणा आणि भाजलेल्या साखरेसारखी चव येते, ८०-२० मला आवडते. पण दूध न घालता गार कॉफी प्यायची असेल तर चिकोरी अजिबात नको, तिची चव तिथे मातकट लागते.

बिनदुधाची गार कॉफी ही माझी अलीकडची आवड. जपानमध्ये ती ज्या रीतीने करतात ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. गरम कॉफी थेट बर्फावर गाळायची. कागदी फिल्टरचा कोन, त्यात २० ग्रॅम शुद्ध अरेबिका (कॉफीची एक जात) मध्यम दळलेली, खालच्या भांड्यात १२० ग्रॅम बर्फ, आणि वरून १८० मिली गरम पाणी थोडं थोडं करत तीन मिनिटांत. गरम पाणी कॉफीतला वास काढतं, आणि तो उडून जायच्या आत बर्फ त्याला धरून ठेवतो. बर्फ जवळजवळ सगळा विरघळतो, आणि तो विरघळायलाच हवा, कारण तो या कॉफीच्या पाण्याच्या हिशोबातला आहे. पिताना वेगळे दोन खडे टाका. कर्नाटकातल्या चिकमगळूरची चांगली अरेबिका अशी करून प्यायलात तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक आंबटपणा कळतो. नागपूरकरांना तो वास वेगळा शिकवावा लागत नाही.

कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेली कॉफी, तीही करून पाहिली आहे. जाडसर दळलेली १०० ग्रॅम कॉफी, ८०० मिली पाणी, १४ तास, मग धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळायची. पुस्तकी कृतीत बाहेर ठेवा असं असतं, आपल्या उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. चव मऊ येते, आंबटपणा जवळपास नाही, आणि चार-पाच दिवस टिकते. ज्यांना कॉफीने पित्त होतं अशा माझ्या दोन मैत्रिणींना ती मानवली. मला मात्र तिच्यात वास कमी वाटतो. चौदा तास वाट बघून हाती निम्मीच कॉफी आल्यासारखं होतं.

इन्स्टंटवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. इन्स्टंटची स्वतःची एक चांगली गार कॉफी आहे आणि तिला इतिहास आहे. १९५७ साली ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात दिमित्रिस वाकोंदिओस या नेसले कंपनीच्या माणसाला कॉफीसाठी गरम पाणी मिळेना, तेव्हा त्याने शेकरमध्ये इन्स्टंट कॉफी, गार पाणी आणि बर्फ घालून हलवलं. तीच ग्रीसची फ्रापे. इन्स्टंटमध्ये कॉफीचं तेल जवळजवळ नसतं, म्हणून तिचा फेस इतका घट्ट येतो आणि टिकतो. २०२० च्या टाळेबंदीत दालगोना म्हणून जी फेसाची कॉफी घरोघरी फेटली गेली, तिच्या फेसाचंही कारण तेच. दोन चमचे इन्स्टंट, साखर, दोन चमचे पाणी झाकणाच्या बरणीत घालून मिनिटभर जोरात हलवा, मग गार पाणी आणि बर्फ. फिल्टर लावायला वेळ नसेल तेव्हा मीही हेच करते.

पण आइस्क्रीम, चॉकलेट सिरप, वरून बिस्किटाचा चुरा, हे घरच्या कॉफीवर ओतणं थांबवावं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात कोथरूडला दुर्गा कॅफेची कोल्ड कॉफी मी आवडीने पिते. ती दाट, गोड, पोटभरीची वस्तू आहे आणि तिची तशी जागा आहे. घरी मात्र आपण कॉफी विकत आणतो ती कॉफीसाठी. चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये चिकमगळूरला गेले होते. सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिऱ्याच्या वेलांखाली कॉफीची झुडपं, आणि बायका एकेक लाल फळ बघून तोडत होत्या. हिरवं तिथेच ठेवायचं, त्याच झुडपाशी पुन्हा यायचं. एका फळातून दोन बिया. त्या बायकांची बोटं पाहिल्यापासून चॉकलेट सिरपची बाटली मी कॉफीजवळ आणलेली नाही.

एकच गोष्ट मी कॉफीत घालते ती जायफळ. रात्री उशिरा पाहुणे आले की आई जायफळाची कॉफी करायची. सहाणेवर दुधाच्या थेंबात दोन वेढे उगाळायची, आणि तो वास ओसरीपर्यंत जायचा. गार कॉफीवर जायफळ किसून टाकलं तर ते नुसतं तरंगतं, वास सुटत नाही. म्हणून साखरेचा पाक उकळताना त्यात चिमूटभर किसते आणि झाकण ठेवून निवू देते. त्या पाकाची गार कॉफी पहिल्यांदा आईला दिली तेव्हा तिने ग्लास आधी नाकाशी धरला, बराच वेळ, आणि मग प्यायली. गुडघ्यांमुळे ती आता ओट्याशी उभी राहत नाही. उन्हाळाभर संध्याकाळी पाचला तिची ही कॉफी ठरलेली असते, लहान ग्लासात, दोनच खडे.

सध्या पाकाऐवजी काकवी घालून बघते आहे. गरम दुधात गुळाने दूध फाटायची भीती असते, गार दुधात अजून तरी एकदाही फाटलेलं नाही. चिकोरीच्या ८०-२० कॉफीला काकवीची चव फार जवळची आहे. एका ग्लासाला दोन लहान चमचे पुरतात. पण इथे मिळते ती काकवी कधी पातळ, कधी नुसती खारट असते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींनी कृपा करून सांगावं, गुऱ्हाळावरून थेट आणली तर बाटलीत किती महिने टिकते, आणि उन्हाळ्यात ती फसफसू नये म्हणून तुम्ही काय करता?